वरणाचा डाग आणि चुन्याचा हिशेब

शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडणे हा आमच्या घरात गुन्हा नव्हता, कारण ते दर आठवड्याला सांडतच असे. मला तो सदरा आठवतो तो जेवणाच्या पाटावरचा नव्हे, धुण्याच्या दगडावरचा. आई त्या पिवळ्या डागावर साबणाची वडी घासायची आणि पाहता पाहता डाग विटकरी लाल व्हायचा. कापडालाच जखम झाल्यासारखा. पहिल्यांदा मी घाबरलो, तेव्हा तिने मानही वर न करता सांगितले, ‘‘साबण लागला की हळद लाल होतेच. पाण्यात खळबळला की परत पिवळा होईल, आणि उन्हात पडला की जाईल.’’ तिने सांगितलेल्या तीनही गोष्टी तिने सांगितल्या त्याच क्रमाने घडल्या.

पुढे आठवीत रसायनशास्त्र नावाचा विषय सुरू झाला, तेव्हा द्रव्याची रचना, गुणधर्म आणि त्यात होणारे बदल यांचा अभ्यास करणारे शास्त्र, अशी त्याची व्याख्या आम्ही पाठ केली. परीक्षानळी, चंचुपात्र आणि शंकुपात्र यांच्या आकृत्या पट्टीने रेघा मारून काढल्या, भागांना नावे दिली आणि मूलद्रव्यांच्या संज्ञा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घरी भिंतीला चिकटवल्या. व्याख्या अजिबात चुकीची नव्हती. पण ज्या बदलांचा अभ्यास करायचा असे ती सांगत होती, त्यांतला एक बदल वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या सदऱ्यावर होऊन गेलेला होता आणि त्याचे नाव वर्षभरात एकदाही निघाले नाही. शाळेचे नाव घेण्यात अर्थ नाही. त्या काळी बहुतेक शाळांत हेच चालत असे, आणि दहा वर्षांची मुले हाताळली आहेत अशा कोणालाही हे ठाऊक असते, की त्यांना अणूची कक्षा दाखवण्यापेक्षा लाल झालेला डाग दाखवणे सोपे असते. तरी आपण कक्षेपासूनच सुरुवात करतो.

तो डाग घेऊनच बसू.

हळदीच्या पिवळेपणाला मुख्यतः कर्क्युमिन नावाचे संयुग कारणीभूत असते. त्याच्या एका रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे २० आणि ऑक्सिजनचे ६ असे एकूण ४७ अणू असतात आणि हायड्रोजनचा एक अणू म्हणजे १ असे माप धरले, तर या रेणूचे वजन ३६८ भरते. साबण हा अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट स्वभावाचा पदार्थ आहे. तो कर्क्युमिनच्या रेणूकडून हायड्रोजनचे एक केंद्रक काढून घेतो. म्हणजे ३६८ भागांतला १ भाग जातो आणि जाताना आपला इलेक्ट्रॉन मागे ठेवून जातो. एवढ्यानेच रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी सरकते, आधी जो प्रकाश तो शोषत होता त्यापेक्षा वेगळा शोषू लागतो आणि आपल्या डोळ्याला पिवळ्याच्या जागी लाल दिसते. भरपूर पाण्यात साबण निघून गेला, किंवा त्यावर लिंबू पिळले, की ते हरवलेले केंद्रक रेणूला परत मिळते आणि रंगही परत येतो. हा उसनवारीचा व्यवहार झाला. ऊन मात्र उसने मागत नाही. सूर्यप्रकाशात कर्क्युमिनचा रेणू तुटतो, त्याचे लहान लहान तुकडे होतात आणि त्या तुकड्यांना रंग नसतो. त्यांपैकी एक तुकडा व्हॅनिलिन हा असतो, म्हणजे व्हॅनिला आइस्क्रीमला ज्याचा वास येतो तेच द्रव्य. अर्थात सदऱ्यावर त्याचे प्रमाण इतके नगण्य असते, की वास उन्हाचा आणि साबणाचाच येतो. आईच्या एका वाक्यात उलटवता येणारा बदल आणि न उलटणारा बदल असे दोन्ही आले होते.

या रेणूंची संख्याही एकदा मोजून पाहावी, कारण रसायनशास्त्राला दुर्बोध करणारी गोष्ट अवघड शब्द नसून हे आकड्यांचे अंतर आहे. हळदीत कर्क्युमिन साधारण शंभरात तीन भाग धरले, तर एक ग्रॅम हळदीत ते ३० मिलिग्रॅम असते आणि त्यात रेणू किती, तर ५ च्या पुढे १९ शून्ये दिली की जी संख्या होते, सुमारे तितके. फोडणीत टाकलेल्या चिमटीत एवढा समुदाय असतो. त्यातल्या एकालाही आजवर कोणी चिमट्यात धरलेले नाही, तरी त्याच्यात ४७ अणू आहेत, त्यांची मांडणी कशी आहे आणि त्यातला कुठला हायड्रोजन आधी सुटतो, हे आपण सांगू शकतो. हे कसे कळले, हाच खरा या शास्त्राचा परिचय. आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी तराजू हे आहे.

तराजूकडे वळण्यापूर्वी एक कबुली देणे भाग आहे. अकरावी-बारावीला आम्ही प्रयोगशाळेत अनुमापन करत असू. ब्युरेट नावाच्या तोटीच्या मापनळीतून अल्काचा एकेक थेंब शंकुपात्रातल्या आम्लात सोडायचा, पात्र हाताने गोल फिरवत राहायचे आणि फिनॉल्फ्थॅलिनचा फिका गुलाबी रंग टिकला, की थांबायचे. फिनॉल्फ्थॅलिन हे हळदीचेच शहरी भावंड. आम्लात बिनरंगाचे, अल्कात गुलाबी. तीन वेळा प्रयोग करून तीनही वाचने जुळली पाहिजेत, असा दंडक होता. माझे पहिले वाचन नेहमी गडद गुलाबी होईपर्यंत पुढे जात असे, मग दुसरे कसेबसे जमत असे आणि तिसरे मी दुसऱ्यावरून लिहून टाकत असे. आम्ही त्याला रीडिंग शिजवणे म्हणत असू. शेवटच्या एका थेंबाने अख्ख्या पात्राचा रंग बदलतो, म्हणजे त्या थेंबाआधी दोन्ही बाजूंचा हिशेब जवळजवळ पूर्ण झालेला असतो, हे मला तेव्हा कळले असते, तर तो तिसरा प्रयोग मी कदाचित केला असता.

मराठीत या शास्त्राच्या आसपास तीन शब्द वावरतात आणि तिघांचे स्वभाव निराळे आहेत. ‘रसायन’ हा आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एकाचा शब्द. वार्धक्य लांबवणाऱ्या, शरीर धष्टपुष्ट करणाऱ्या औषधोपचाराचा. ‘किमया’ हा अरबी-फारसीतून आलेला शब्द, आणि इंग्रजांची केमिस्ट्री ज्या अरबी शब्दाची वंशज आहे त्याच शब्दाची ही आपल्या घरातली शाखा. हलक्या धातूचे सोने करण्याच्या खटपटीला तो शब्द होता. आता तो आपण सुगरणीच्या हाताला आणि फलंदाजाच्या मनगटाला लावतो. तिसरा शब्द ‘केमिकल’, आणि त्याचा अर्थ आज फक्त विष असा उरला आहे. रस्त्याच्या कडेला ‘केमिकलविरहित गूळ’ अशा पाट्या दिसतात. गुऱ्हाळात सफेदी आणण्यासाठी नको ती द्रव्ये घालतात ती घातलेली नाहीत, एवढाच त्या पाटीचा आशय असतो, आणि तो योग्यच आहे. पण त्याच गुऱ्हाळात काहिलीतल्या उसाच्या रसाची आंबूस प्रकृती मारण्यासाठी चुना टाकण्याची रीत जुनी आहे, कारण आम्लात उकळली तर साखर फुटते आणि गूळ नीट जमत नाही. चुना केमिकल नाही, असे कोणालाही वाटते, कारण तो आजीच्या चुनाळ्यात असतो.

माझ्या आजीच्या पानाच्या डब्यात तो होताच. पानाला चुना लावून त्यावर काथ टाकला, की चावल्यावर लाल रंग उतरतो; चुना जास्त झाला तर जीभ पोळते आणि कमी झाला तर पान रंगत नाही. हे प्रमाण तिच्या बोटाच्या टोकाला ठाऊक होते. पण चुन्याचा तिचा खरा अधिकार दिवाळीआधी दिसत असे. घराला पांढरी देण्यासाठी कळीचा चुना यायचा; राखाडी-पांढरी, हातात घेतली तर हलकी लागणारी ढेकळे. ती लोखंडी पिंपात टाकून वरून पाणी ओतले जायचे. काही क्षण काहीच होत नसे. मग आतून फसफस ऐकू यायची, ढेकळांना तडे जायचे, वाफेचा लोट उठायचा आणि पिंपाखाली काडीचाही जाळ नसताना पाणी खदखदू लागायचे. आम्हा मुलांना ओट्यावर बसवलेले असे. शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाईल, असा धाक होता आणि तो खरा होता. मी आजीला विचारले, ‘‘विस्तव नाही, मग उकळतंय कसं गं?’’ तिने सांगितले, ‘‘अरे, विस्तव आहे. भट्टीतला विस्तव त्या चुन्यातच बसलेला असतो. पाणी पडलं की तो बाहेर येतो.’’

पुढे अनेक वर्षांनी मला कळले, की आजीचे हे उत्तर अठराव्या शतकातल्या युरोपातल्या विद्वानांचेही होते. चुनखडक सौम्य असतो, तो भट्टीत भाजला की जहाल होतो; तेव्हा भट्टीतल्या अग्नीचे काहीतरी तिखट द्रव्य त्यात शिरत असले पाहिजे, अशी त्यांची समजूत होती. ही समजूत मोडली ती स्कॉटलंडमधल्या जोसेफ ब्लॅक यांनी. ते मूळचे वैद्यकाचे विद्यार्थी. मूतखड्यावर चुन्याच्या निवळीसारख्या जहाल औषधांचा त्या काळी प्रयोग होत असे आणि त्याहून सौम्य असे काही सापडते का, हे पाहता पाहता ते भाजलेल्या खनिजांपर्यंत पोहोचले. त्यांनी केलेली गोष्ट अगदी साधी होती. त्यांनी भाजण्याआधी वजन केले आणि भाजल्यानंतर वजन केले. विस्तव आत शिरला असता तर वजन वाढायला हवे होते, निदान घटायला नको होते. ते घटले होते, आणि थोडेथोडके नव्हे.

आजच्या आकड्यांत सांगायचे, तर शुद्ध चुनखडक १०० ग्रॅम घेऊन सुमारे ९०० अंश सेल्सिअसला पुरता भाजला, की ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो. उरलेले ४४ ग्रॅम कुठे गेले, हा प्रश्न विचारल्याशिवाय रसायनशास्त्र सुरूच होत नाही. ब्लॅक यांनी तो विचारला आणि ते वायुरूपाने निघून गेले, असे १७५६ साली छापून सांगितले. घन पदार्थात जखडलेली हवा म्हणून त्यांनी तिला स्थिर हवा म्हटले. आपण तिला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. हीच हवा आपल्या उच्छ्वासातही असते, हे त्यांनी चुन्याच्या निवळीत फुंकून दाखवले. निवळी दुधाळ होते, कारण उच्छ्वासातली ती हवा चुन्याला पुन्हा भेटते आणि चुनखडी तयार होऊन पाण्यात तरंगते. शाळेत हा प्रयोग कर्बवायू ओळखण्याची परीक्षा म्हणून शिकवतात. परीक्षा म्हणून तो सपक आहे. भट्टीतून पळालेला ऐवज निवळीत परत जमा झाला, असे पाहिले की त्यात जीव येतो.

उरलेला हिशेबही पुरा करू. ५६ ग्रॅम कळीच्या चुन्यावर १८ ग्रॅम पाणी पडले, की ७४ ग्रॅम विरलेला चुना होतो. पिंपातली खदखद ती हीच. या ७४ ग्रॅम चुन्याने हवेतून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड घेतला, की १०० ग्रॅम चुनखडी होते आणि ते १८ ग्रॅम पाणी सुटून जाते. जे जे घेतले ते ते परत आले. आजीच्या चुनाळ्यातला चुना उघडा राहिला की चरचरीतपणा जाऊन खडूसारखा फिका पडायचा आणि निवळीच्या मडक्यावर पातळ, टणक साय धरायची, ती याच जमाखर्चातली एक नोंद होती. ‘चुना लावणे’ म्हणजे फसवणे, असा अर्थ मराठीत कसा आला कोण जाणे; मला भेटलेल्या पदार्थांत चुन्याइतका चोख देणेकरी दुसरा नाही.

असा ताळेबंद प्रत्येक अभिक्रियेला लागू होतो, हे ठासून सांगणारा माणूस व्यवसायाने खरोखरच हिशेबातला होता. आंत्वान लाव्हाझिए हे पॅरिसमध्ये राजाच्या वतीने कर गोळा करणाऱ्या मंडळीचे भागीदार होते. सकाळ-संध्याकाळचा काही वेळ प्रयोगशाळा आणि मधला दिवस जमाखर्च, असे त्यांचे आयुष्य होते. पाऱ्याला हवेच्या बंदिस्त साठ्यात बारा दिवस तापवत ठेवून त्यावर तांबडी पूड साचते, हवेचा काही भाग नाहीसा होतो आणि तीच पूड अधिक तापवली की तेवढीच हवा परत मिळते, हा त्यांचा प्रयोग म्हणजे वहीच्या डाव्या आणि उजव्या पानांची जुळवणीच आहे. त्या परत मिळालेल्या हवेला त्यांनी ‘आम्ल घडवणारा’ या अर्थाचे नाव दिले, ऑक्सिजन. हे नाव चुकीचे ठरले, कारण मिठाच्या आम्लात, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लात, ऑक्सिजन नसतो. आपला ‘प्राणवायू’ त्या चुकीतून वाचला. लाव्हाझिए यांच्या प्रयोगांच्या आकृत्या त्यांच्या पत्नी मारी-आन काढत असत, इंग्रजी ग्रंथ त्यांना भाषांतर करून देत असत. ही दुसरी वही त्या सांभाळत होत्या म्हणून पहिलीतले बरेच काही आपल्यापर्यंत आले. करवसुलीच्या त्याच भागीदारीसाठी ८ मे १७९४ रोजी लाव्हाझिए यांना गिलोटिनवर चढवले गेले.

त्याआधी पाच वर्षे, १७८९ मध्ये, त्यांनी मूलद्रव्यांची एक यादी छापली होती. ज्याचे आणखी तुकडे आजवर कोणाला करता आलेले नाहीत ते मूलद्रव्य, अशी त्यांची व्याख्या होती आणि तिच्यातला ‘आजवर’ हा शब्द मला फार आवडतो. यादीत ३३ नावे होती. प्रकाश आणि उष्णता ही दोन त्यात होती, सोने-चांदी होती, आणि चुनाही होता. चुना ऑक्सिजनशी संयोग पावलेला एखादा अनोळखी धातू असावा, असा संशय त्यांना होता, पण तो फोडण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते. ते साधन १८०० मध्ये व्होल्टा यांच्या विद्युतघटाच्या रूपाने आले आणि १८०८ मध्ये लंडनला हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या प्रवाहाने चुना फोडून त्यातून चंदेरी धातू बाहेर काढला. त्याचे नाव कॅल्शियम. पानाला लावायच्या पांढऱ्या लेपाच्या पोटी चकाकणारा धातू बसलेला असतो, हे आजीला सांगितले असते तर तिने मला पान खाण्याच्या वयाचा झालो नाही, म्हणून उठवून लावले असते.

त्याच १८०८ साली आणखी एक मूलद्रव्य हाती आले आणि ते मला पुन्हा हळदीकडे घेऊन जाते. साबणाने किंवा चुन्याने आलेला हळदीचा लाल रंग टिकाऊ नसतो, हे आपण पाहिले. मग पंढरपूरच्या आणि केमच्या कुंकवाचा रंग कसा टिकत असे? कुंकू करण्याच्या जुन्या रीतीत हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, लावत असत. लिंबाचा रस आम्लधर्मी, म्हणजे त्याने लाल रंग उलट जायला हवा. तो जात नाही, कारण इथे व्यवहार उसनवारीचा नसतो. टाकणखारात बोरॉन नावाचे मूलद्रव्य असते आणि ते कर्क्युमिनशी गाठ बांधून नवेच लाल संयुग घडवते. प्रयोगशाळेत बोरॉन ओळखण्यासाठी हळदीत बुडवून वाळवलेला कागद वापरण्याची जुनी पद्धत आहे. कुंकवाचे कारखानदार हीच परीक्षा कित्येक मणांच्या मापाने करत होते असे म्हणायला हरकत नाही. टाकणखार पूर्वी तिबेट-लडाखकडून खाली येत असे आणि संस्कृतातला ‘टंकण’ हा शब्द ‘टिंकल’ होऊन व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला गेला. आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याचशा कुंकवात हळदीचा संबंध उरलेला नाही, हे खेदाने नोंदवून पुढे जातो.

बोरॉन सापडला तेव्हा मूलद्रव्यांची यादी नुसती लांबत चालली होती. तिला आवर्तसारणीची घडी घातली रशियातल्या मेंडेलेव्ह यांनी, १८६९ मध्ये, तेव्हा ६३ मूलद्रव्ये ठाऊक होती. त्यांनी काही जागा रिकाम्या ठेवल्या आणि तिथल्या न सापडलेल्या मूलद्रव्यांना तात्पुरती नावे देताना संस्कृत अंकांचा आधार घेतला: बोरॉनच्या पुढचे ते एकबोरॉन, ॲल्युमिनियमच्या पुढचे ते एकॲल्युमिनियम. हे दुसरे १८७५ मध्ये फ्रान्समध्ये सापडले, त्याचे नाव गॅलियम ठेवले गेले आणि त्याची घनता ४.७ भरल्याचे जाहीर झाले. मेंडेलेव्ह यांनी तो धातू डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता, तरी त्यांनी कळवले, की आकडा ५.९ च्या आसपास असायला हवा, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजावे. पुन्हा मोजला, ५.९ आला. आवर्तसारणीचा तक्ता वर्गाच्या भिंतीवर वर्षानुवर्षे टांगलेला असतो. ही एक गोष्ट त्याच्या खाली उभे राहून सांगितली, तर मुले त्याच्याकडे निदान एकदा मान वर करून पाहतील.

पण आजीच्या विस्तवाचे काय, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला आहे.

ब्लॅक यांच्या तराजूने तिला खोटे पाडले, यात शंका नाही. भट्टीत चुन्याच्या आत कोणतेही द्रव्य शिरत नाही, उलट त्यातून निघून जाते. मात्र तराजूला द्रव्यच कळते, उष्णता कळत नाही. उष्णतेचा हिशेब वेगळ्या वहीत मांडावा लागतो, आणि गंमत अशी, की उष्णता दडून राहू शकते, हे अप्रकट उष्म्याच्या रूपाने पहिल्यांदा नीट मोजणारेही हेच जोसेफ ब्लॅक होते. १०० ग्रॅम चुनखडक फोडून चुना आणि कार्बन डायऑक्साइड वेगळे करायला १७८ किलोज्यूल उष्णता द्यावी लागते. भट्टीच्या धुराबरोबर जी वाया जाते ती निराळी. त्या चुन्यावर पाणी पडले, की ६५ किलोज्यूल परत मिळते. पिंपातल्या एक किलो कळीच्या चुन्यातून एवढी उष्णता निघते, की तिने तीन लिटर पाण्याला उकळी यावी. राहिले ११३ किलोज्यूल. विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडी होतो, तेव्हा नेमके तेवढेच परत येते, पण इतके हळूहळू, भिंतीच्या एवढ्या विस्तारावर पसरून आणि इतक्या वर्षांत, की भिंतीला हात लावून कोणाला ते कळू नये. भट्टीत जळालेल्या सरपणाची उष्णता अशी दोन हप्त्यांत फिटते. भट्टीतला विस्तव चुन्यातच बसलेला असतो आणि पाणी पडले की बाहेर येतो, हे आजीचे वाक्य द्रव्याच्या वहीत चूक आणि ऊर्जेच्या वहीत बरोबर आहे. तिला पहिला हप्ता दिसला होता. दुसरा कोणालाच दिसत नाही.

गेल्या वर्षी साताऱ्याकडचे आमचे जुने घर पाडायला घेतले. दगडी भिंती, सांध्यांत चुना. बैलाने ओढायच्या दगडी घाण्यात वाळूबरोबर मळलेला असणार, कारण त्या काळी रीतच ती होती. पाडलेल्या भिंतीतून मुठीएवढे एक ढेकूळ मी पिशवीत घालून आणले. घरी भाची आलेली होती, वय वर्षे अकरा. आम्ही टपरीवरून पानाचा चुना आणला, वाटीत हळदीचे पाणी केले आणि दोन्हींवर थेंब टाकले. पानाचा चुना तत्क्षणी लालभडक झाला. ढेकळाच्या ताज्या फोडीवर हळद पिवळीच राहिली, फार तर किंचित नारिंगी झाली. ‘‘म्हणजे हा चुना उरलाच नाही,’’ ती म्हणाली. मग ढेकळाचा चुरा बाटलीत भरून त्यावर व्हिनेगर ओतले, बुचातून सलाइनची नळी काढली आणि तिचे टोक निवळीच्या पेल्यात बुडवले. बाटलीत फेस आला, पेल्यात बुडबुडे निघाले. त्या भिंतीने कधी काळी, बहुधा आमच्यापैकी कोणी जन्मण्याआधी, हवेतून घेतलेला वायू स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोकळा होत होता. निवळी धुरकट झाली, मग दुधाळ.

मला इथे थांबायचे होते. पण भाचीने बाटलीत आणखी व्हिनेगर ओतले आणि ती पेल्याकडे पाहत बसली. बुडबुडे चालूच राहिले. काही मिनिटांनी दुधाळपणा विरळ होऊ लागला आणि शेवटी पेला जवळजवळ स्वच्छ झाला. तिने पेला उचलून उजेडात धरला, तळाशी काही बसले आहे का ते पाहिले, बोटाने ढवळून पाहिले.

‘‘मामा, चुनखडी गेली कुठे?’’

मी काही न सांगता ते पाणी पातेल्यात ओतले आणि गॅस पेटवला.